पिवळा दिवा, चौथ्यांदा

मंगळवारी सकाळी डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा चौथ्यांदा लागला, तेव्हा मॅडमनी आधी दिव्याकडे पाहिलं, मग गाडी चालवणाऱ्या धाकट्या बहिणीकडे, आणि मग मनातल्या मनात गॅरेजवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दोन महिन्यांत तीन वेळा त्याने गाडी ठेवून घेतली होती. तिन्ही वेळा "आता बघायला नको, मॅडम" असं छातीठोकपणे सांगून परत दिली होती. आणि तिन्ही वेळा आठ-पंधरा दिवसांत हा दिवा पुन्हा आपला तिथेच, काही झालंच नाही अशा थाटात.

"थांबव गाडी," मॅडम म्हणाल्या. "कडेला घे. आरशात बघून. मागचा हॉर्न वाजवतोय तो तुझ्या कौतुकाने नाही."

धाकटीने गाडी कडेला घेतली. ती एकेचाळीस वर्षांची होती, पण घरात आणि ओळखीपाळखीत सगळे तिला धाकटीच म्हणत, आणि मॅडम ज्या सुरात म्हणत त्यात तर वय वाढायची सोयच नव्हती.

"मी काय केलं?" तिने विचारलं.

"तू काय करणार," मॅडम म्हणाल्या. तिरस्कारासाठी त्यांना फार शब्द लागत नसत.

मॅडम गेली अठरा वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवत होत्या. स्कूल म्हणजे एका खोलीचं ऑफिस, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, एक गाडी आणि मॅडमची जीभ. पहिल्या तीन गोष्टी अधूनमधून बदलत. गाडीला शिकवणीच्या गाड्यांना असतो तसा शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक बसवलेला होता. तो दाबला की केबलने ओढला जाऊन चालवणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेकही दाबला जाई. या एका पेडलच्या जोरावर आपण शहरातल्या निम्म्या लोकांचे जीव वाचवले आहेत असं मॅडमचं मत होतं, आणि ते निम्मे लोक वाचवण्याच्या लायकीचे नव्हते असंही.

त्यांची एक वही होती. प्रत्येक तासाला कोण आलं, गाडी किती किलोमीटरवर होती, परत आली तेव्हा किती, आणि शेवटी शेरा. किलोमीटर लिहायची सवय गॅरेजवाल्यांमुळे लागली होती, कारण दुरुस्तीला दिलेली गाडी घेऊन ही मंडळी सासुरवाडीला जाऊन येतात अशी त्यांची खात्री होती. शेरे मात्र मनापासून लिहिलेले असत. बँकेतल्या एका साहेबांपुढे लिहिलं होतं, 'आरसा भांग पाडायला वापरतात.' एका दातांच्या डॉक्टरांपुढे, 'गिअर उपटतात.' एका प्राध्यापकांपुढे फक्त, 'देवा.' आणि धाकटीपुढे गेल्या एकतीस तासांत एकच ओळ पुन्हा पुन्हा, पुढे पुढे तर नुसत्या दोन टिंबांच्या खुणेने: 'ॲक्सलरेटर फार दाबते. गाडीचा अंदाज नाही.'

एरवी धाकटीला गाडी येते की नाही याने कोणाचं काही अडलं नसतं. पण आता अडलं होतं. दोन वर्षांपूर्वी संसार मोडून ती दोन बॅगा घेऊन मॅडमकडे राहायला आली. तेव्हा मॅडमनी दार उघडून पहिलं वाक्य उच्चारलं ते "मला माहीतच होतं." त्यानंतर वर्षभर धाकटीने घर सांभाळलं, आणि मॅडमना पत्ता न लागू देता रक्ताचे नमुने घ्यायचा कोर्स केला. पहिल्या फटक्यात पास झाली. म्हाताऱ्या माणसाच्या हातातली लपलेली शीर तिला एका टोचण्यात सापडते असं तिच्या शिक्षिकेने लिहून दिलं होतं. एका लॅबने तिला घरोघरी जाऊन नमुने गोळा करायचं काम देऊ केलं. गाडी लॅबची, चालवायची हिने. अट एकच: एक तारखेला लायसन्स घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या बाईला.

धाकटी दोन वेळा टेस्टमध्ये नापास झाली होती. तिसरी टेस्ट या शुक्रवारी होती. तिसऱ्यांदा नापास झालं की शिकाऊ परवान्यापासून पुन्हा सुरुवात, म्हणजे तीन महिने, म्हणजे नोकरी गेली. आणि लायसन्स ऑफिसचा नियम असा, की डॅशबोर्डवर एकही धोक्याचा दिवा लागलेला असेल तर त्या गाडीत टेस्ट घेत नाहीत.

"शुक्रवारपर्यंत हा दिवा गेला पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "उतर. मी चालवते. त्या शास्त्रज्ञाकडे जाऊ."

शास्त्रज्ञ हे गॅरेजवाल्याला मॅडमनीच दिलेलं नाव. पंधरा वर्षांपूर्वी त्यालाही गाडी त्यांनीच शिकवली होती, त्यामुळे त्याची टर उडवायचा आपल्याला कायमचा हक्क आहे असं त्या धरून चालत. त्याच्याकडे एक स्कॅनर होता. तो गाडीच्या डॅशबोर्डखाली जोडला की गाडीतला कॉम्प्युटर बिघाडाचा नंबर सांगतो. शास्त्रज्ञ तो नंबर बघे, मान डोलवे आणि नंबराशी जुळेल तो पार्ट बदलून टाके. पहिल्या वेळी त्याने ब्रेकचा स्विच बदलला. दुसऱ्या वेळी ॲक्सलरेटरचं पेडल, सेन्सरसकट. तिसऱ्या वेळी बदलायला काही उरलं नाही तेव्हा म्हणाला, "वायरिंग असणार," आणि दोन दिवस गाडीची आतडी बाहेर काढून बसला. ब्रेकचे पॅड एवढ्या लवकर कसे झिजले, असं तेव्हा त्याने विचारलं होतं. "गाढवं शिकायला येतात म्हणून," मॅडमनी उत्तर दिलं होतं.

आता तो गॅरेजच्या दारात हात पुसत उभा होता. गाडी ओळखून त्याचा चेहरा पडला.

"ये, शास्त्रज्ञा," मॅडम खाली उतरत म्हणाल्या. "तुझा मित्र पुन्हा आलाय. या वेळी काय बदलतोस? सीट कव्हर?"

शेजारच्या गाडीचं टायर बदलून घेणारे एक गृहस्थ हसले.  शास्त्रज्ञाने स्कॅनर जोडला, नंबर बघितला, आणि नेहमीसारखी मान डोलवायच्या ऐवजी त्याने स्टूल ओढलं आणि बसला.

"तोच नंबर," तो म्हणाला. "ब्रेक आणि ॲक्सलरेटर एकाच वेळी दाबलेले. गाडीला कळत नाही कोणाचं ऐकायचं, म्हणून ती दिवा लावते. मला वाटलं दोघांपैकी एक सेन्सर खोटं बोलतोय. म्हणून दोन्ही बदलले."

"आणि दोन्ही खरं बोलत होते."

"तसंच दिसतंय, मॅडम."

"हे कळायला तुला दोन महिने लागले."

"लागले," तो म्हणाला. "नुसता नंबर वाचत होतो. चूक झाली माझी."

मॅडमना चूक कबूल करणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कधी कळत नसे. त्यांनी घड्याळात बघितलं.

शास्त्रज्ञाने फोन काढला. दिवा ज्या क्षणी लागतो त्या क्षणाची नोंद गाडी जपून ठेवते, वेग किती, ॲक्सलरेटर किती दाबलेला, गाडी किती किलोमीटरवर. बिघाड पुसला की ही नोंदही पुसली जाते. पण शास्त्रज्ञ पुसायच्या आधी दर वेळी पडद्याचा फोटो काढून ठेवायचा. कारण काही गिऱ्हाइकं नंतर भांडायला येतात, आणि त्या गिऱ्हाइकांत मॅडमचा नंबर फार वरचा होता. चार वेळचे चार फोटो त्याच्याकडे होते.

"किलोमीटरवरून दिवस काढता आला असता," तो म्हणाला, "कोणी लिहून ठेवत असतं तर."

मॅडमनी पर्समधून वही काढून त्याच्या हातात आपटली. त्याचा गिऱ्हाइकांवर विश्वास नव्हता म्हणून फोटो होते, यांचा गॅरेजवाल्यांवर नव्हता म्हणून वही होती. दोघं स्टुलावर आणि खोक्यावर बसून आकडे जुळवू लागले. पहिला दिवा लागला तो तास धाकटीचा. दुसरा धाकटीचा. तिसऱ्याला शास्त्रज्ञाने आकडा दोनदा वाचला. धाकटीचाच. चौथा तर आजचा. महिन्याला वीस माणसं ही गाडी चालवत होती. बँकेतले साहेब, दातांचे डॉक्टर आणि प्राध्यापकसुद्धा या गाडीत बसून सुखरूप बाहेर पडले होते. दिवा फक्त एकीच्याच तासाला लागत होता.

"झालं," मॅडम म्हणाल्या. आवाजात चक्क समाधान होतं. "म्हणजे ही बया दोन्ही पाय लावून गाडी चालवते."

धाकटी दाराशी उभी होती. "माझा डावा पाय क्लचवर असतो, ताई," ती म्हणाली.

"असायला हवं तिथे तुझं काहीच नसतं, ते मला माहीत आहे."

शास्त्रज्ञाने दोघींकडे बघितलं. "उद्या तुम्ही नेहमीसारखा तास घ्या," तो म्हणाला. "मी मागे बसतो. स्कॅनर जोडलेला ठेवून."

"बस," मॅडम म्हणाल्या. "तुलाही कळू दे मी रोज काय सोसते."

बुधवारी सकाळी तिघं निघाले. धाकटी स्टिअरिंगवर, मॅडम शेजारी, आणि मागच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन शास्त्रज्ञ, डोळे स्कॅनरला जोडलेल्या फोनच्या पडद्यावर. पडद्यावर दोन रेघा सरकत होत्या, एक ब्रेकची, एक ॲक्सलरेटरची. मॅडमचा पट्टा सुरू झाला होता. गिअर बदल, आता का बदललास, आरसा, समोरचा, तो नव्हे, ती बाई रस्ता ओलांडणार आहे, तुला काय वाटतं ती तिथे हवा खायला उभी आहे? धाकटी खांदे कानांपर्यंत चढवून चालवत होती आणि गाडी जड ओझं ओढावं तशी चालली होती.

"ब्रेक लागला," मागून शास्त्रज्ञ म्हणाला.

"मी नाही लावला," धाकटी म्हणाली.

"मग गाडीने आपणहून लावला असेल," मॅडम म्हणाल्या. "थकली असेल बिचारी."

बाजाराच्या वळणावर शास्त्रज्ञ पुन्हा म्हणाला, "ब्रेक." शाळेपुढे पुन्हा. या वेळी धाकटी काही बोलली नाही. मागच्या गाडीने हॉर्न दिला, आणि मॅडमनी मागे वळून हॉर्न देणाऱ्याच्या अकलेबद्दल दोन शब्द सांगितले. तेवढ्यात शास्त्रज्ञाने दोन सीटच्या मधून पुढे वाकून खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तो मागे टेकून बसला, आणि त्यानंतर पूर्ण फेरी होईपर्यंत एक अक्षर बोलला नाही. शेवटाकडे फक्त फोन खिशात ठेवला. मॅडमना वाटलं, याने हात टेकले.

गॅरेजमध्ये आल्यावर धाकटीला लॅबमध्ये कागद द्यायला जायचं होतं. ती बसस्टॉपकडे गेली. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत शास्त्रज्ञ नुसताच पान्यांशी खेळत राहिला.

"मॅडम," मग तो म्हणाला, "पाय तुमचा होता."

"कुठला पाय?"

"तुमचा उजवा. तुमच्या ब्रेकवर. त्यांचा उजवा ॲक्सलरेटरवर होता, डावा क्लचच्या बाजूला होता, मी बघितलं. तिसरा पाय तुमचा."

"मी अठरा वर्षं शिकवतेय," मॅडम म्हणाल्या. "ब्रेक कधी दाबायचा ते मला तू सांगणार? माणूस भिंतीवर गाडी घालायला निघाला की दाबते मी. आणि सांगून दाबते."

"बाकीच्यांच्या वेळी तसंच असेल. त्यांच्या वेळी दिवा लागत नाही. यांच्या वेळी तुमचा पाय उचललेलाच नसतो. गाडी हलल्यापासून थांबेपर्यंत हलका ठेवलेला असतो. तुम्हाला कळतही नसेल."

"काहीतरी बोलू नकोस."

शास्त्रज्ञाने वाद घातला नाही. तो गाडीत जाऊन स्टिअरिंगवर बसला आणि फोन मॅडमच्या हातात दिला. "बसा. मी चालवतो. तुम्ही मला नेहमीसारखं बोलत राहा. रेघ तुम्हीच बघा."

त्याने गाडी बाहेर काढली. मॅडम त्याला मनसोक्त बोलल्या. इतकं, की एरवी त्यांना त्यातच बरं वाटलं असतं. तो वळणावर मुद्दाम जोरात गेला, सिग्नलला उशिरा थांबला, एका हातगाडीला घासून जाणार इतक्या जवळून गेला. पडद्यावर ब्रेकची रेघ त्याने स्वतः दाबला तेव्हाच वर गेली. बाकी सपाट.

"माझी किंमत तुम्ही काय करता ते सगळ्या बाजाराला माहीत आहे," गॅरेजपुढे गाडी थांबवून तो म्हणाला. "तरी माझ्या वेळी तुमचा पाय लांब होता."

 जन्मात पहिल्यांदा मॅडमना खाली वाकून आपलाच बूट बघावासा वाटला, आणि बघवला नाही.

"दिवा मी आत्ता घालवतो," शास्त्रज्ञ म्हणाला. "शुक्रवारी तो लागणार नाही, कारण शेजारी तुम्ही नसाल, टेस्ट घेणारे साहेब असतील. पण दिवा सोडा. त्या दोन वेळा नापास कशा झाल्या?"

मॅडमना ते तोंडपाठ होतं. दोन्ही वेळा साहेबांनी एकच शेरा लिहिला होता. गाडी सुरू करताना ती उसळते, वेगावर ताबा नाही. घरी येऊन मॅडमनी तो शेरा जेवताना दोनदा वाचून दाखवला होता.

"ब्रेक लावलेली गाडी ढकलायला शिकवलंय तुम्ही त्यांना," शास्त्रज्ञ म्हणाला. "टेस्टमध्ये तुमचा पाय ब्रेकवर नसतो. तेवढंच दाबलं की गाडी उडणारच." मग जरा थांबून म्हणाला, "आणि एक करा. लोकांना सांगाल तेव्हा एवढं सांगा, की वायरिंग चांगलं होतं."

घरी जाताना मॅडम गाडी अगदी हळू चालवत होत्या. आई गेली तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या आणि धाकटी नऊची. तेव्हापासून धाकटी पडणार, विसरणार, फसणार, बुडणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. ती एकदा पोहायला गेली तर या काठावर टॉवेल घेऊन उभ्या, आणि ती पोहून बाहेर आली तेव्हा टॉवेल अंगावर फेकून म्हणाल्या होत्या, "नशीब तुझं." या सगळ्याला त्या आजवर शिस्त म्हणत आल्या होत्या. मनाशी तरी आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. त्यांना भीती वाटत होती. बत्तीस वर्षं रोज भीती वाटत होती, आणि जिच्यासाठी वाटत होती तिलाच त्या भीतीचे दात दाखवत आल्या होत्या. याची त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा राग आला.

गुरुवारी शेवटचा तास. मॅडमनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले, घोट्यांची घडी घातली आणि म्हणाल्या, "चल."

धाकटीने नेहमीइतका ॲक्सलरेटर दाबला. गाडी अशी झेपावली की दोघींची डोकी मागे आपटली. धाकटीने घाबरून ब्रेक मारला आणि इंजिन बंद पडलं. मग तिने एक विचित्र गोष्ट केली. रस्त्याकडे बघायच्या ऐवजी ती मान वळवून मॅडमच्या पायांकडे बघत राहिली.

आता सांगायचं, असं मॅडमनी रात्रभर ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "शास्त्रज्ञाने दुरुस्त केली गाडी. हलकी झालीये आता. निम्मंच दाब."

"हो का," धाकटी म्हणाली.

"बघतेस काय. सुरू कर."

धाकटीने निम्मं दाबलं. गाडी हळूच निघाली. दुसऱ्या रस्त्यावर तिचे खांदे कानांपासून खाली आले. तिसऱ्या रस्त्यावर तिने न सांगता गिअर बदलला, तोही वेळेवर. चढावर गाडी थांबवून पुन्हा काढली, एक वीतभरही मागे न जाता. मॅडम गप्प बसल्या होत्या. गप्प बसायला फार मेहनत पडत होती. मांड्या दुखायला लागल्या होत्या. एका ठिकाणी गल्लीतून सायकल आडवी आली. मॅडमचा पाय सीटखालून सुटायच्या आत धाकटी थांबलीसुद्धा होती, सायकलवाल्याला हाताने जा म्हणून पुढे निघालीसुद्धा होती.

दोन तास त्या फिरल्या. दिवा लागला नाही. धाकटीच्या हातात गाडी होती आणि ती नीट चालली होती, यापलीकडे त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

शुक्रवारी दहा वाजता लायसन्स ऑफिसच्या आवारात टेस्ट घेणारे साहेब गाडीत बसले. डॅशबोर्ड बघितला, कागदावर खूण केली. मॅडम भिंतीपाशी उभ्या राहिल्या. तिथे इतर स्कूलचे मास्तर आपापल्या शिकाऊंची टवाळी करत उभे होते. त्यातला एकजण मॅडमना म्हणाला, "तुमची ती उडवणारी आली ना आज? आवार मोकळं करू का?" हा शब्द मॅडमचाच होता. मागच्या टेस्टच्या वेळी याच भिंतीपाशी त्यांनीच तो वापरला होता आणि सगळे खळखळून हसले होते. आज मॅडमनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पाणी प्यायला निघून गेला.

गाडी न उसळता फाटकाबाहेर गेली. वीस मिनिटांनी तशीच परत आली. साहेब उतरले, सही केलेला कागद धाकटीच्या हातात दिला आणि पुढच्या गाडीकडे वळले.

मॅडम जाऊन शेजारच्या सीटवर बसल्या. धाकटी कागद वाचत होती. सही बघून झाली, शिक्का बघून झाला, तरी वाचत होती. मग तिने तो चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला.

"आधी गॅरेजमध्ये जाऊ," ती म्हणाली. "त्यांचे आभार मानायला हवेत. त्यांनी गाडी दुरुस्त केली म्हणून झालं."

हा तिने दिलेला रस्ता सरळ होता. मॅडमनी फक्त हो म्हणायचं होतं, आणि सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. शास्त्रज्ञ काही बोलणार नव्हता, तो त्यातला नव्हता.

"त्याने काही केलं नाही," मॅडम म्हणाल्या. "गाडीला काही झालंच नव्हतं. माझा पाय होता ब्रेकवर. तू चालवायचीस तेव्हा. सगळा वेळ." आणि मग, आयुष्यात कधी न वापरलेला शब्द असल्यासारखा तो काढून म्हणाल्या, "चुकलं माझं. तू नापास झालीस ते माझ्यामुळे."

धाकटीने आरसा सारखा केला. "माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"पाय. दुसऱ्या-तिसऱ्या तासालाच दिसला होता मला."

मॅडमना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "आणि बोलली नाहीस? दोनदा नापास झालीस, नोकरी जायची वेळ आली, तरी बोलली नाहीस?"

 समोर एक मास्तर आपल्या शिकाऊ पोरीवर ओरडत होता आणि ती मान खाली घालून ऐकत होती. धाकटी तिच्याकडे बघत होती.

"नापास झाले की तू एक दिवस बोलतेस," ती म्हणाली. "तुझी चूक दाखवली की तू महिना महिना बोलत नाहीस. आणि मला राहायला तुझ्याशिवाय दुसरं घर नाही, ताई."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. कोणी विचारलं तर पत्ता सांगावा, तसं सांगितलं. मग किल्ली फिरवली, आरशात बघितलं आणि गाडी बाहेर काढली.